शाईची परवानगी

गेल्या पंधरवड्यात एका सद्गृहस्थांकडून आमच्याकडे टपालाने एक जाड पाकीट आले. आत ऐंशी पानांची एक वही आणि सोबत चार ओळींचे पत्र. वही त्यांच्या चौदा वर्षांच्या कन्येची. वहीवर सुंदर अक्षरांत विषय लिहिलेला : 'मानवी मनाचा अभ्यास'. सद्गृहस्थांची विनंती अशी की, या वहीतील निदान काही भाग आपल्या साप्ताहिकात छापावा, त्याबरोबर मुलीचे छायाचित्र द्यावे आणि शीर्षकाखाली तिचे वय ठळक अक्षरांत घालावे. 'वय पाहूनच लोक वाचतील,' असे त्यांनी मोठ्या मोकळेपणाने लिहिले आहे. पित्याचा अभिमान आम्हाला समजतो. वही आम्ही दोन रात्री जागून अथपासून इतिपर्यंत वाचली. तिच्याविषयी जे सांगावयाचे ते शेवटी सांगू. कारण ती वाचीत असताना आम्हाला वारंवार दुसऱ्याच एका मुलाची आठवण होत होती. तो मुलगा आपल्याकडचा नव्हे.

ज्याँ पियाजे याचा जन्म ९ ऑगस्ट १८९६ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल या सरोवरकाठच्या गावी झाला. पुढे बालमानसशास्त्रातील एक थोर आचार्य म्हणून जगाने त्याला ओळखले. अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या आमच्या भगिनींना त्याचे नाव पाठ असते, आणि त्याने सांगितलेल्या बालबुद्धीच्या अवस्थाही, निदान परीक्षा होईपर्यंत. परंतु १९८० साली वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी निवर्तलेल्या त्या वृद्ध आचार्याविषयी आज आम्हाला लिहावयाचे नाही. लिहावयाचे आहे ते दहा वर्षांच्या मुलाविषयी, आणि त्याच्या भोवती जी मोठी माणसे होती त्यांच्याविषयी.

त्याचे वडील आर्तूर पियाजे हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते. मोठा करडा माणूस. न्यूशातेलकरांना आपल्या गावच्या एका जुन्या बखरीचा फार अभिमान होता. ही बखर प्राचीन नसून मागाहून कोणी रचलेली बनावट आहे, असे या गृहस्थांनी १८९५ साली भर व्याख्यानात दाखवून दिले आणि अर्ध्या गावाचा रोष ओढवून घेतला. अशा बापाच्या घरी मुलगा वाढला. मुलाने लहानपणीच पक्ष्यांवर एक पुस्तक लिहिले. ते पेन्सिलीने लिहावे लागले, कारण त्या वयात त्याला शाई वापरण्याची परवानगी नव्हती. पुस्तक वडिलांना दाखविले तेव्हा त्यांनी त्यावर अशी काही उपरोधिक टीका केली की, हे आपले पुस्तक नसून इकडून तिकडून गोळा केलेले संकलन आहे, हे मुलाला खेदाने का होईना मान्य करावे लागले. पुढे स्वतः पियाजेनेच आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत सांगितली आहे. इतके कठोर बोलणे कोवळ्या जिवाला सोसेल काय, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आम्हालाही क्षणभर वाटले. पण पुढे काय घडले ते पाहा.

१९०७ सालच्या जून महिन्यात, वयाची अकरा वर्षे पुरी होण्यास अद्याप महिना-दीड महिना बाकी असताना, या मुलाला न्यूशातेलमध्ये एक चिमणी दिसली. तिच्या अंगावर जागोजाग पांढरी पिसे होती. त्याने ती नीट पाहिली, आणि जेवढे पाहिले तेवढेच एका पानात लिहून स्थानिक निसर्गमित्रांच्या एका छोट्या मासिकाकडे धाडले. ते छापले गेले. ऐंशी पाने नव्हेत, एकच पान. पण या वेळी त्यात दुसऱ्या कोणाचे काही नव्हते.

या छापील पानाचा आधार घेऊन त्याने गावच्या निसर्गसंग्रहालयाचे संचालक पोल गोदे यांना पत्र लिहिले : संग्रहालय लोकांसाठी बंद असते त्या वेळेत तेथील पक्षी, जीवाश्म आणि शंख पाहण्याची मला परवानगी मिळेल काय? गोदे हे गोगलगाई व शंख-शिंपले यांचे जाणकार होते. त्यांनी मुलाला बोलावले, आणि (येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे) त्याचा सत्कार केला नाही, त्याला कोणापुढे उभे केले नाही. त्यांनी त्याला काम दिले. शंखांवर नावाच्या चिठ्ठ्या डकविण्याचे काम. चार वर्षे तो ते करीत होता. मोबदला म्हणून गोदे त्याला आपल्याजवळचे काही दुर्मीळ नमुने देत, आणि त्याने रानावनातून गोळा करून आणलेल्या शंखांची खरी नावे सांगत. न्यूशातेलच्या परिसरात या प्राण्यांच्या सुमारे १३० जाती आहेत. त्या धुंडाळण्यात मुलाचा सगळा मोकळा वेळ जाऊ लागला. शनिवारी दुपारी गुरुजींची वाट पाहत तो अर्धा तास आधीच दाराशी येऊन बसे.

चिठ्ठ्या डकविणे हे काम क्षुल्लक वाटते. ते तसे नाही. चिठ्ठी चुकीच्या शंखावर लागली तर ती चूक कपाटात तशीच राहते, आणि पुढचा अभ्यासक तिच्यामुळे फसतो. हातातली वस्तू आणि तिचे नाव यांचा मेळ घालण्याची सवय मुलाला लागली ती येथे.

१९११ साली गोदे वारले. त्या वेळी मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा होता, आणि आता स्वतःच्या नावाने शास्त्रीय टिपणे प्रसिद्ध करण्याइतपत त्याची तयारी झाली होती. ती प्रसिद्ध होऊ लागली. परगावच्या शास्त्रज्ञांची पत्रे येऊ लागली. काहींना या 'पियाजे महाशयां'ना भेटावयाचे होते. महाशय शाळेत जात असल्यामुळे भेटीचे प्रसंग टाळावे लागत. जिनिव्हाच्या संग्रहालयाचे संचालक मोरीस बेदो यांनी तर त्याला तेथील शंखसंग्रहाच्या व्यवस्थापकाची जागा देऊ केली. उत्तरी कळवावे लागले की, माझी शालान्त परीक्षा व्हावयास अद्याप दोन वर्षे आहेत.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका मासिकाच्या संपादकाने त्याचा लेख स्वीकारला होता. मग लेखकाचे वय कळले, आणि त्याने तो नाकारला. मुलाने तो लेख बेदोंकडे पाठविला. लेखाची किंमत लेखकाच्या वयावरून ठरविणारा संपादक आपण आजवर पाहिला नव्हता, त्याच्यापाशी दुसरे माप नसावे काय, अशा अर्थाचे उत्तर बेदोंनी दिले. आम्हीही एका लहानशा नियतकालिकाच्या टेबलाशी बसतो, म्हणून हे वाक्य आम्हाला झोंबले. वय कमी म्हणून लेख परत करणे हा अन्याय, हे कोणीही मान्य करील. पण वय कमी म्हणून लेख छापणे, हे तरी काय वेगळे? माप तेच, फक्त तराजूचे पारडे बदलले.

मुलाचे वय ठाऊक नसल्याचा त्याला एक मोठा लाभ झाला, तो असा की त्याला कोणी सवलत दिली नाही. सरोवरात खोल पाण्यात राहणाऱ्या गोगलगाई ही निराळी जात मानावी की नाही, यावर वाक्लाव रोश्कोव्स्की नावाच्या एका पोलिश प्राणिशास्त्रज्ञाशी त्याचा छापील वाद जुंपला. पियाजे जुन्या पठडीतला, शंखाच्या बाह्य आकारावर भर देणारा. रोश्कोव्स्की प्राण्याची आतली शरीररचना तपासणारा आणि आनुवंशिकतेच्या नव्या शास्त्राशी परिचित. वाद दोनतीन वर्षे चालला. विज्ञानाच्या इतिहासकारांनी पुढे ही कागदपत्रे तपासली तेव्हा असे दिसले की, नवे शास्त्र आमच्या बालपंडिताला नीटसे उमगलेच नव्हते. सरशी पोलिश पक्षाची होती. आपण एका शाळकरी पोराशी झुंजत आहोत याची जाणीव असती तर रोश्कोव्स्कीची लेखणी कदाचित मवाळ झाली असती, आणि त्यात मुलाचेच नुकसान होते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की हे मोठे भाग्यवान बालपण. तसे ते नव्हते. त्याची आई रेबेका बुद्धिमान, उत्साही आणि मनाची दयाळू होती. पण तिची प्रकृती मनाने अस्वस्थ होती आणि त्यामुळे घरात शांतता नसे. आपण खेळ टाकून इतक्या लवकर गंभीर कामाकडे का वळलो, याचे कारण पियाजेने स्वतःच पुढे लिहिले आहे : वडिलांप्रमाणे आपणही कामाच्या खोलीत आसरा शोधला. मानसिक आजारांविषयीचे कुतूहलही त्याला प्रथम आईमुळेच वाटले. अकाली प्रौढ झालेले मूल आपल्या समोर येते तेव्हा आपण त्याच्या बुद्धीचे कौतुक करतो. त्याच्या घरी संध्याकाळ कशी जाते, हे आपण विचारीत नाही. आम्ही घरोघर आशीर्वाद देत फिरतो, तरी आम्हीही ते क्वचितच विचारले आहे.

तो पंधरा वर्षांचा असताना एक पत्र आले, आणि आमच्या मते त्या मुलाच्या मानसशास्त्राचा पहिला धडा या पत्रातच होता. त्याला लहानपणची एक आठवण होती. तो दोन वर्षांचा असावा. दाई त्याला बाबागाडीतून पॅरिसच्या एका हमरस्त्यावर फिरवीत असता एका माणसाने त्याला पळविण्याचा प्रयत्न केला. दाईने झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, लोक जमले, आखूड झग्यातला पोलीस हातातला पांढरा दंडुका सावरीत आला आणि तो माणूस पळाला. हे सारे त्याला डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत असे. दाईला तिच्या निष्ठेबद्दल घड्याळ बक्षीस मिळाले होते. आता त्याच दाईने त्याच्या आईवडिलांना कळविले होते की, आपण मुक्तिफौजेत दाखल झालो आहोत, जुन्या अपराधांची कबुली देऊ इच्छितो, ती हकीकत आपण रचली होती, ओरखडेही खोटे होते. आणि घड्याळ सोबत परत पाठवीत आहोत.

पापनिवेदन ऐकावयास बसणाऱ्या माणसाला त्या बाईच्या धैर्याविषयी वेगळे सांगावयास नको. परंतु मुलाच्या बाजूने पाहा. घरात सांगितली जाणारी गोष्ट लहानपणी त्याच्या कानी पडली असली पाहिजे, आणि मनाने तिचे चित्र रंगवून ते 'मी पाहिले' अशी चिठ्ठी लावून आपल्या कपाटात ठेवून दिले. शेकडो शंखांवर अचूक नावे डकविणाऱ्या मुलाच्या स्वतःच्याच संग्रहातला सर्वांत जुना नमुना बनावट निघाला. वडिलांनी गावाची बखर खोटी ठरविली. मुलाला आपली स्वतःची बखर खोटी ठरलेली पाहावी लागली. पुढे स्मरणशक्तीविषयी लिहिताना त्याने हा प्रसंग नोंदविला आहे.

त्याच सुमारास आईच्या आग्रहावरून तो सहा आठवडे धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेला. कुटुंब प्रॉटेस्टंट, आई श्रद्धाळू, वडील मात्र चर्चमध्ये न जाणारे. वर्गात शिकविलेल्या काही सिद्धान्तांचा जीवशास्त्राशी मेळ कसा घालावा हे त्याला कळेना, आणि ईश्वराच्या अस्तित्वाची जी पाच प्रमाणे सांगितली गेली ती त्याला फार दुबळी वाटली. ईश्वर नाही असे त्याला म्हणावयाचे नव्हते. प्रमाणे कच्ची आहेत एवढेच त्याला दिसत होते. आम्ही ती पाच प्रमाणे धर्मविद्यालयात लॅटिनमध्ये घोकली आहेत आणि आजही ती आम्हाला भक्कम वाटतात. तरीही या जागी आम्हाला त्या मुलापेक्षा त्याच्या शिक्षकाची काळजी अधिक वाटते. पंधरा वर्षांचा मुलगा 'हे मला पटत नाही' असे म्हणतो, तेव्हा शिक्षकाने काय करावे?

या काळात त्याचे धर्मपिता सामुएल कोर्नू त्याला आनेसीच्या सरोवरावर आपल्याबरोबर सुटीसाठी घेऊन गेले. पोर नुसत्या गोगलगाईतच रुतून बसले आहे, असे त्यांचे मत होते. फिरताना, मासे धरताना त्यांनी त्याला बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या विचारांशी गाठ घालून दिली. धर्मपित्याचे कर्तव्य वाढदिवसाच्या भेटवस्तूने संपते असे मानणाऱ्या आमच्याकडील मंडळींनी या सुटीची नोंद घ्यावी. मुलगा भारावून गेला. ज्ञान म्हणजे काय याचा उलगडा जीवशास्त्राच्या वाटेने करण्यात आयुष्य घालवावयाचे, असे त्याने ठरविले, आणि दोन्हींच्या मधला पूल म्हणून त्याला मानसशास्त्राची गरज पडली. तत्त्वज्ञानाचे वाचन आणि रात्रंदिवस लेखन यांनी प्रकृती ढासळली. वर्षभराहून अधिक काळ त्याला लेझँ या डोंगरावरील आरोग्यस्थानी काढावा लागला. तेथेही तो लिहीतच होता. १९१८ साली, बावीस वर्षांचा असताना, त्याने श्रद्धा आणि विज्ञान यांच्या झगड्यावर एक कादंबरीवजा पुस्तक प्रसिद्ध केले. एकदोन संतापलेले तत्त्वज्ञ सोडले तर कोणी त्याची दखल घेतली नाही, असे त्याने मिस्कीलपणे नोंदविले आहे. आम्ही यावर अधिक लिहीत नाही. विश्वाचा उलगडा करणारे पुस्तक पुष्कळ हुशार मुले या वयात लिहितात, आणि बहुतेक ती पेटीतच राहतात. त्याच वर्षी त्याला गोगलगाईंवरील प्रबंधासाठी डॉक्टरेटही मिळाली.

खरी वळणाची जागा पुढे आहे. झुरिकच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा व मनोरुग्णांचे इस्पितळ पाहून तो १९१९ साली पॅरिसला आला. बुद्धिमापन चाचणीचे जनक आल्फ्रेद बिने यांच्या निधनानंतर त्यांची शाळेतील प्रयोगशाळा पडून होती. बिने यांचे सहकारी डॉक्टर सिमों यांनी ती या तरुणाच्या स्वाधीन केली आणि काम सांगितले : इंग्रज मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचे तर्कशक्तीचे प्रश्न पॅरिसच्या मुलांना घालून, कोणत्या वयाची किती मुले ते सोडवितात याचे माप बसवावयाचे. काम कंटाळवाणे. बरोबर उत्तर मोजावयाचे, चुकलेले सोडून द्यावयाचे. म्हणजे पुन्हा चिठ्ठ्या डकविणेच.

आणि येथे त्या मुलाने, म्हणजे आता चोवीस वर्षांच्या तरुणाने, सोडून द्यावयाची उत्तरे उचलून घेतली. एक प्रश्न साधारण असा होता : 'माझ्या फुलांपैकी काही पिवळी आहेत,' असे एक मुलगा आपल्या बहिणींना सांगतो, तर त्याचा पुष्पगुच्छ कसा? मोठ्यांना यात विचारण्यासारखे काही वाटणार नाही. पण नऊदहा वर्षांची चांगली चलाख मुलेही गुच्छ सगळाच पिवळा असल्याचे सांगत. भाग आणि पूर्ण यांचे नाते त्यांच्या मनात अद्याप बसलेच नव्हते. पियाजे मुलाजवळ बसे, आणि मनोरुग्णांशी वैद्य बोलतात त्या सावकाश पद्धतीने विचारी : तुला असे का वाटते? मग बाकीची फुले कोणती? चूक ही उणीव नाही, तिच्याही मागे एक विचार आहे, त्या विचाराला स्वतःची घडण आहे, हे त्याला त्या शाळेत उमगले. या अभ्यासावरील त्याचे लेखन वाचून जिनिव्हाच्या क्लापारेद यांनी १९२१ साली त्याला आपल्या रूसो संस्थेत बोलावले. १९२३ साली मुलांची भाषा व विचार यांवरील त्याचे पहिले मोठे पुस्तक निघाले. जो स्वतः बरोबर उत्तरांचा धनी म्हणून लहानपणी नावाजला होता, त्याचे नाव झाले ते इतर मुलांच्या चुकलेल्या उत्तरांमुळे.

हे वाचताना आम्हाला आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक मुलगी आठवली. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी चालली होती. आम्ही विचारले, मिस्साच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचे थेंब का घालतात? ती उठून म्हणाली, 'सगळ्यांना पुरावा म्हणून.' वर्ग हसला; आम्हीही हसलो, आणि बरोबर उत्तर दुसऱ्या मुलाकडून वदवून घेतले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या घरी गेलो असता पाहुणे आले, आणि तिच्या आईने ताकाच्या भांड्यात निमूटपणे तांब्याभर पाणी ओतले. मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही ताक प्यालो, पण त्या दिवशीही तिला काही विचारले नाही.

आता त्या वहीविषयी. ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर पाने मन, बुद्धी, स्वप्ने, स्वभाव यांवर आहेत. भाषा शुद्ध, अक्षर मोत्यासारखे, आणि मजकूर पुस्तकांतून उतरलेला. पियाजेच्या वडिलांपुढे ती ठेवली असती तर त्यांनी काय म्हटले असते ते वाचकांना ठाऊकच आहे. परंतु एके ठिकाणी, मध्येच, दोन पाने निराळी आहेत. तेथे मुलीने लिहिले आहे की, तिने आपल्या चार वर्षांच्या भावापुढे चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, प्रत्येकीत पाच. त्याने दोन्ही सारख्या म्हटल्या. मग त्याच्या देखत तिने एका ओळीतले चिंचोके पांगवून ठेवले, तर तो म्हणाला, आता यात जास्त आहेत. याच्या पुढे तिने भावाचे बोलणे जसेच्या तसे उतरून घेतले आहे. आणि मग त्या दोन पानांवर आडवी रेघ मारून समासात लिहिले आहे : 'हे बालिश आहे. काढून टाकणे.'

मुलांच्या मनात संख्या कशी घडते याविषयी पियाजे व त्याच्या सहकारी आलिना शेमिन्स्का यांनी १९४१ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात नेमका हाच प्रकार तपासलेला आहे. वहीत कोठेही पियाजेचे नाव नाही. मुलीने हे स्वयंपाकघरातील फरशीवर स्वतः पाहिले.

सद्गृहस्थांस आमचे उत्तर असे की, रेघ मारलेली दोन पाने आम्ही पुढील महिन्यात छापू. छायाचित्र देणार नाही आणि वय घालणार नाही. वही टपालाने परत केली आहे. समासात आम्ही पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिले आहेत, ते कन्येने स्वतः वाचावेत. भावाने पांगविलेले चिंचोके बोट लावून मोजले काय? मोजून पाच आले तरीही तो जास्तच म्हणाला काय? आणि सहा महिन्यांनी तेच चिंचोके, तीच फरशी, तोच प्रश्न ठेवून तो काय म्हणतो ते आम्हाला कळवशील काय?